उशीचा दोष की गाठीचे काम?

सकाळी झोपेतून उठून आरशात पाहिले, की डोळ्यांखाली थोडी सूज दिसते. ज्या कुशीवर झोपलो असू, त्या बाजूचा गाल किंचित फुगलेला असतो आणि त्यावर उशीच्या अभ्र्याच्या घडीची रेघ उमटलेली असते. संध्याकाळी याच्या उलट. दिवसभर उभे राहून काम करणारे शिक्षक, दुकानदार, बसचे कंडक्टर घरी येतात तेव्हा त्यांना चपलेचे पट्टे घट्ट वाटू लागलेले असतात. मोजे काढले, की घोट्याभोवती खोल वळ दिसतो. या गोष्टी इतक्या परिचयाच्या आहेत, की त्यांचे आपल्याला काहीच वाटत नाही.

पण एखाद्या सकाळी मान वळवताना जबड्याखाली किंवा कानामागे बोटाला गाठ लागते. दाबली की दुखते. घरात निदान लगेच होते : "रात्री मान वाकडी करून झोपला असशील. उशी बदल, तेल लावून चोळ, दोन दिवसांत जिरेल." चेहऱ्यावरची सूज झोपण्यामुळे येते, तेव्हा मानेतली गाठही झोपण्यामुळेच आली असणार, असा हा सरळ हिशेब आहे.

विद्यार्थी मित्रहो, या हिशेबातला पहिला भाग अगदी बरोबर आहे आणि दुसरा चूक आहे. तो का चूक आहे हे समजण्यासाठी आधी थोडे पदार्थविज्ञान आणि मग थोडे जीवशास्त्र लागेल.

शरीरातील पाण्याचा स्तंभ

द्रवाच्या स्तंभाच्या तळाशी असलेला दाब म्हणजे घनता × गुरुत्वत्वरण × उंची, हे सूत्र तुम्ही शिकलेले आहात. ते आपल्या शरीराला लावून पाहू. प्रौढ माणूस स्थिर उभा असताना त्याच्या हृदयापासून घोट्यापर्यंतचे अंतर सुमारे १.२ मीटर असते. रक्ताची घनता दर घनमीटरला सुमारे १०६० किलोग्रॅम. गुणाकार केला, की सुमारे १२,५०० पास्कल, म्हणजेच सुमारे ९४ मि.मी. पारा एवढे उत्तर येते. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत प्रत्यक्षात मोजलेला दाबही साधारण ९० मि.मी.च्या आसपासच असतो. तोच माणूस आडवा झाला, की उंचीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि हा दाब १० मि.मी.च्या आसपास उतरतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू नीला पिळून रक्त वर ढकलतात आणि नीलांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. त्यामुळे चालणाऱ्याच्या घोट्यावरचा दाबही बराच कमी होतो. तासभर चालण्यापेक्षा तासभर रांगेत उभे राहिल्याने पाय अधिक का भरून येतात, याचे उत्तर येथेच आहे.

करून पाहा : उजवा हात एक मिनिट खाली लोंबता सोडा आणि डावा डोक्याच्या वर धरा. मग दोन्ही हात चटकन छातीसमोर आणून त्यांच्या मागच्या बाजूंची तुलना करा. उजव्या हातावरच्या नीला टरारून फुगलेल्या दिसतील, डाव्या हातावरच्या सपाट झालेल्या दिसतील. थोड्याच वेळात दोन्ही हात सारखे होतील. स्थितीमुळे आलेला फुगवटा स्थिती बदलली की ओसरतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

गळती आणि तिचा निचरा

रक्त केशवाहिन्यांतून जाते तेव्हा त्या सूक्ष्म नळ्यांच्या भिंतींतून थोडे पाणी बाहेर झिरपते. रक्ताचा दाब ते बाहेर ढकलतो, तर रक्तातील प्रथिने परासरणाने ते आत धरून ठेवतात. हा आतला ओढा सुमारे २५ मि.मी. पाऱ्याएवढा असतो. या दोन बलांच्या रस्सीखेचीवर झिरपणे अवलंबून असते, हे अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८९६ साली दाखवून दिले. घोट्याजवळचा दाब वाढला, की ही रस्सीखेच बाहेरच्या बाजूने झुकते आणि ऊतींत पाणी साठू लागते.

मग हे पाणी परत रक्तात कसे येते? त्यासाठी शरीरात नळ्यांची आणखी एक व्यवस्था आहे. १६२२ साली गास्पारो आसेल्ली या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला नुकतेच खाणे झालेल्या कुत्र्याच्या आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या धाग्यांसारखे काही दिसले. त्या मज्जातंतू असाव्यात असे त्याला प्रथम वाटले. पण त्यांतला एक कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. त्याने पाहिल्या होत्या त्या लसीकावाहिन्या. शरीराच्या बहुतेक भागांत त्यांचे जाळे असते. ऊतींतील जादा पाणी आणि बाहेर आलेली प्रथिने त्या गोळा करतात, आणि गळ्याच्या तळाशी असलेल्या मोठ्या नीलांमध्ये नेऊन ओततात. पूर्वी पाठ्यपुस्तकांत असे लिहीत, की झिरपलेले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाशी परत रक्तात शिरते. अलीकडच्या मोजमापांनी हे चित्र बदलले असून निचऱ्यातला लसीकेचा वाटा पूर्वी मानत त्यापेक्षा मोठा असल्याचे आढळले आहे.

लसीकेचा प्रवाह मोठा संथ असतो. दिवसाला सुमारे ३ लिटर धरली, तर मिनिटाला जेमतेम २ मिलिलिटर. याच एका मिनिटात हृदय सुमारे ५ लिटर रक्त फेकते. लसीकेसाठी वेगळे हृदय नाही. तिच्या वाहिन्यांच्या भिंती स्वतःच मिनिटाला काही वेळा आकुंचन पावतात, बाहेरून हलणारे स्नायू आणि श्वासोच्छ्वास त्यांना पिळतात आणि आतल्या झडपा प्रवाहाला एकच दिशा देतात. आपण झोपलो असताना स्नायूंची हालचाल मंदावते, पण श्वास चालू असतो आणि वाहिन्यांचे आकुंचनही चालू असते.

आडवे झाल्यावर काय होते?

रात्री आडवे झालो, की दिवसभर पायांत साठलेले पाणी हळूहळू रक्तात परतते आणि त्यातले काही वरच्या भागात वाटले जाते. डोळ्यांभोवतीची त्वचा पातळ आणि खालची ऊती सैल, म्हणून थोडे पाणीही तेथे लगेच दिसते. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जवळजवळ नाहीसा केला, तर हेच किती मोठ्या प्रमाणावर होते ते १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकावर दिसले. तेथे राहिलेल्या अंतराळवीरांचे चेहरे फुगले आणि पाय बारीक झाले. दोन्ही पायांतून मिळून लिटरभराहून अधिक द्रव वर सरकला होता.

आता उशीचा हिशेब करू. डोके सुमारे ५ किलोग्रॅमचे. कुशीवर झोपल्यावर त्याचा भार १० सें.मी. × १० सें.मी. एवढ्या जागेवर पडतो असे मानू. ४९ न्यूटन भागिले ०.०१ चौरस मीटर, म्हणजे ४९०० पास्कल, किंवा सुमारे ३७ मि.मी. पारा. नखाच्या कडेला केशवाहिनीच्या सुरुवातीस असणारा दाब युजीन लँडिस यांनी १९३० मध्ये मोजला होता, तो ३२ मि.मी. म्हणजे उशीचा दाब केशवाहिन्या आणि नाजूक लसीकावाहिन्या तात्पुरत्या चेपण्याइतका असू शकतो. म्हणूनच गालावर रेघ उमटते आणि तो भाग थोडा फुगतो. सुदैवाने आपण रात्रीत अनेकदा कूस बदलतो आणि सकाळी उठून हिंडूफिरू लागलो, की थोड्या वेळात सगळे पूर्ववत होते.

तेव्हा झोपण्याच्या स्थितीने सूज येते हे खरे. पण ती कशी असते? मऊ, पसरट, कडा नसलेली. बोटाने दाबली तर दुखत नाही. आणि ती निचऱ्याची वाट जेथे अडली असेल त्याच्या अलीकडच्या ऊतीत येते, जशी तुंबलेल्या मोरीच्या अलीकडे पाणी साठते. वाट कायमची अडली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या विदर्भात पाहायला मिळते. हत्तीपाय रोगाचे जंत लसीकावाहिन्यांत राहून त्या निकामी करतात. अशा रोग्याचा सबंध पाय सुजतो, त्याच्या पायावर सुटी गाठ येत नाही. म्हणजे मानेतली ती गोल, सरकती, दुखरी गाठ काही वेगळीच वस्तू आहे.

गाठ का मोठी होते?

लसीकावाहिन्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी लसीकाग्रंथी असतात. माणसाच्या शरीरात त्यांची संख्या साधारण ५०० ते ८०० असते आणि त्यांतल्या पुष्कळशा मानेत असतात. त्या एरवीही तेथे असतातच, फक्त लहान आणि मऊ असल्याने बोटाला लागत नाहीत. प्रत्येक ग्रंथी हे जणू एक तपासणी नाके आहे. आपल्या भागातून आलेली लसीका तिच्यातून गाळून पुढे जाते. लसीकेबरोबर जंतू किंवा जंतूंचे अंश आले, तर तेथे दबा धरून असलेल्या लसीकापेशींपैकी ज्या नेमक्या त्या जंतूला ओळखतात, त्या भराभर विभागू लागतात.

एका पेशीला दुप्पट व्हायला सुमारे ८ तास लागतात असे धरा. मग एकदा विभाजन सुरू झाले, की ५ दिवसांत १५ वेळा दुप्पट होऊन एका पेशीच्या ३२,७६८ पेशी होतील! शिवाय रक्तातून येणाऱ्या पेशींना या काळात ग्रंथीतच थोपवून धरले जाते. ग्रंथीच्या आतील आधार देणाऱ्या पेशींची जाळी एरवी ताणलेली असते. ती या वेळी सैल सोडली जाते, असे २०१४ च्या सुमारास झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे ग्रंथीचे वाढणे हा बिघाड नसून तिच्या कामाचाच भाग आहे. अर्ध्या सेंटिमीटर व्यासाची ग्रंथी दीड सेंटिमीटरची झाली, तर व्यास तिप्पट झाला, पण आकारमान २७ पट झाले. भोवतीचे आवरण ताणले जाते म्हणून दुखते.

या सगळ्याला काही तास नव्हे, काही दिवस लागतात. म्हणून सकाळी सापडलेली गाठ आदल्या रात्रीच्या झोपेने आलेली नसते. तिचे काम आधीच सुरू झालेले असते.

आजीचे अर्धे बरोबर

पायात काटा रुतून पिकला, की जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपल्याकडे 'अवधाण' म्हणतात. मुलगा लंगडत आला आणि जांघेत दुखते म्हणाला, की जुन्या बायका जांघेकडे पाहत बसत नाहीत, आधी पायाचा तळवा पाहतात. कारण गाठ एकीकडे आणि दुखण्याचे मूळ दुसरीकडे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. हे अस्सल शास्त्रीय निरीक्षण आहे. नवल एवढेच, की तीच गाठ मानेत आली, की आपण मूळ शोधायचे सोडून उशीला दोष देतो.

१८९६ साली मुंबईत आणि १८९७ साली पुण्यात थैमान घालणाऱ्या प्लेगला लोक 'गाठीचा ताप' म्हणत. पिसवा बहुधा पायाला चावत, म्हणून गाठ बहुधा जांघेत येई. १८९४ साली हाँगकाँगमध्ये आलेक्सांद्र येर्सँ यांनी प्लेगचा जंतू शोधला, तो अशा गाठीतलाच द्रव काढून. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना १८९७ मध्ये मृत्यू आला. त्या काळात गाठीचा अर्थ लावणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

मानेतल्या गाठीचे मूळ शोधायचे असेल, तर कोणते नाके कोणत्या वाटेवर आहे ते माहीत हवे. डोक्याच्या मागे आणि कानामागे गाठ आली, तर टाळू तपासावी : खवडे, फोड, उवांमुळे खाजवून झालेल्या जखमा. जबड्याखाली आली, तर किडलेला दात, हिरडी, टॉन्सिल, घसा. काखेत आली, तर हात आणि छातीची ती बाजू. शाळकरी मुलांना सर्दी-घसादुखी वारंवार होते, म्हणून त्यांच्या मानेत हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, मऊ, सरकणाऱ्या गाठी लागणे अगदी सामान्य आहे.

मग झोपेचा संबंध वाटतो तरी का? एक तर आडवे पडल्यावर मानेचे स्नायू सैल होतात, हात सहज गळ्यापाशी जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते. दुसरे, दुखऱ्या गाठीवर उशीचा दाब पडला, की ती जास्त दुखते. तिसरे, वाकडे झोपल्याने मान आखडते हे खरे आहे. पण आखडलेला स्नायू दोरीसारखा लांबट लागतो आणि मान वळवली की दुखतो. ग्रंथी मात्र वालाच्या दाण्यासारखी सुटी लागते.

डावी कूस

जेवणानंतरच्या डुलकीला आपण वामकुक्षी म्हणतो, म्हणजे डाव्या कुशीवरची विश्रांती. डाव्या कुशीवर झोपल्याने जठरातील आम्ल घशाकडे कमी येते, हे प्रयोगांत दिसले आहे. त्याचे कारण जठराचा आकार. पण 'डाव्या कुशीने लसीकेचा निचरा सुधारतो, गाठी जिरतात' असेही हल्ली सांगितले जाते. शरीराच्या बहुतेक भागांतील लसीका गळ्याच्या डाव्या बाजूच्या नीलेत पडते, एवढा यातला शारीरिक आधार खरा आहे. मात्र झडपा आणि आकुंचने यांच्यावर चालणाऱ्या वाहिनीला कूस बदलून पुढे ढकलता येते किंवा त्यामुळे सुजलेली गाठ बसते, असा पुरावा नाही.

मेंदूबाबत मात्र एक वेगळा प्रश्न संशोधकांपुढे आहे. झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतून टाकाऊ पदार्थ अधिक वेगाने बाहेर जातात, असे २०१३ साली जाहीर झाले. २०१५ मध्ये बेशुद्ध केलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत कुशीवरची स्थिती यासाठी अधिक सोयीची दिसली. २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाला उंदरांत नेमके उलटे दिसले : झोपेत हा निचरा मंदावतो. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मेंदूतील निचऱ्याविषयी आहे, मानेतल्या गाठीविषयी नाही.

दोन आठवड्यांचे घड्याळ

हे सगळे जाणून घेण्याचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. साध्या संसर्गाने आलेली गाठ मूळ बरे झाल्यावर हळूहळू बसते. पण काही गाठी बसत नाहीत. आपल्या देशात त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे क्षयरोग. मानेतल्या ग्रंथींच्या क्षयाला आपल्याकडे पूर्वापार 'गंडमाळ' म्हणतात. या गाठी बहुधा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटून गुच्छ होतात, आणि दुखत नाहीत म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. तीन वेळा उशी बदलेपर्यंत महिने निघून जातात.

म्हणून नियम साधा ठेवावा. एक सेंटिमीटरहून मोठी गाठ दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. गाठ झपाट्याने वाढत असेल, दगडासारखी घट्ट असेल, लाल होऊन पिकत असेल, किंवा बरोबर ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. गळ्याच्या तळाशी, खांद्याकडे जाणाऱ्या हाडाच्या वर लागलेली गाठ लहान असली तरी दाखवावी. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढून निदान करता येते. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि नेमाने उपचार घेतले तर हा रोग बरा होतो. केवळ ग्रंथींचा क्षय असलेल्या विद्यार्थ्याला वर्गात वेगळे बसवण्याचे कारण नसते, कारण खोकल्यातून पसरतो तो फुप्फुसांचा क्षय. तो आहे की नाही हे डॉक्टर तपासून सांगतात. शिक्षकांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. आणि गाठ कोणतीही असो, तेल लावून ती चोळू नये.

करून पाहा : शिंप्याच्या टेपने आपल्या घोट्याचा घेर आठवडाभर सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी मोजा. टेप रोज एकाच जागी यावी म्हणून पेनाने खूण करा. ज्या दिवशी जास्त चाललात आणि ज्या दिवशी जास्त उभे राहिलात, त्या दिवसांचे आकडे वेगळे लिहा. त्यांचा आलेख काढलात, तर सकाळ-संध्याकाळ वरखाली होणारी रेषा मिळेल. गुरुत्वाकर्षणाने आलेली सूज अशी रोज येते आणि रोज जाते. जी रोज जात नाही, तिचे कारण अंथरुणात शोधू नका.